मळसूत्र, मशाली आणि सही

१ मे १९४५ रोजी युगोस्लाव्हियातलं युद्ध संपलेलं नव्हतं. टिटोंचं सैन्य त्रिएस्तपर्यंत जाऊन भिडलं होतं, पण झाग्रेब अजून शत्रूच्या हातात होतं. ते मुक्त व्हायला ८ मे उजाडावा लागला. पूल पाडलेले, रूळ उखडलेले, गावंच्या गावं जळून गेलेली. अशा अर्ध्या मोकळ्या झालेल्या देशाने त्या कामगार दिनी एक नवा सन्मान जाहीर केला. त्याचं नाव ‘ओर्देन रादा’, श्रमाचा सन्मान. त्याच्या तीन श्रेणी ठरल्या आणि त्याखालोखाल श्रमाचं एक पदक. बंदुका थंड होण्याआधीच फावडं चालवणाऱ्याच्या छातीवर काय लावायचं याचा विचार या राजवटीने करून ठेवला होता.

मराठी वाचकाला टिटो हे नाव बहुधा नेहरू आणि नासर यांच्या जोडीने, अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीमुळे ठाऊक असतं. त्यांच्या देशाच्या पोटात काय चाललं होतं याची माहिती आपल्याकडे कमी आली. ती मिळवायचा एक आडवळणाचा, पण माझ्या मते फार खात्रीचा रस्ता या पदकांमधून जातो. झाग्रेबच्या ब्रिटिश चौकात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, बेलग्रेडच्या कालेमेग्दान किल्ल्याच्या वाटेवर विक्रेते बसलेले असतात, सारायेव्होच्या बाश्चार्शियातही अशी दुकानं आहेत. तिथे श्रमाची ही सन्मानचिन्हं आणि बिल्ले ढिगाने दिसतात. नवख्याला ती सगळी सारखीच वाटतात. जाणता संग्राहक मात्र आधी त्यांची पाठ पाहतो, मग डबी, आणि सगळ्यात शेवटी पुढची बाजू.

पाठ पाहण्याचं कारण युद्धकाळात आहे. १५ ऑगस्ट १९४३ ला डोंगरांत लढणाऱ्या टिटोंच्या पार्टिझान सेनेने आपले पहिले सन्मान ठरवले: राष्ट्रवीर, पार्टिझान तारा, बंधुता आणि एकता वगैरे. त्यातल्या अनेकांची रेखाटनं जोर्जे आंद्रेयेविच कुन या चित्रकाराने केली. कुन स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेला होता. आंतुन आउगुस्तिन्चिच हा शिल्पकारही या कामात होता. पण रानावनातल्या सेनेकडे टांकसाळ कुठली? ही चिन्हं मॉस्कोच्या टांकसाळीत घडली. त्यांच्या पाठीवर क्रमांक कोरलेला असतो, मधोमध मळसूत्राची दांडी असते आणि तिच्यावर फिरवून बसवायची गोल चकती. कोटाला भोक पाडायचं, दांडी आरपार घालायची, आतून चकती आवळायची, ही खास सोव्हिएत पद्धत. त्या चकतीवर मॉस्कोच्या टांकसाळीचं नाव रशियन अक्षरांत असतं. पुढे हे काम देशातच होऊ लागलं. झाग्रेबच्या ‘इकोम’ या कारखान्याची खूण दिसू लागली, बेलग्रेडच्या नोटा छापणाऱ्या सरकारी संस्थेची दिसू लागली. क्रमांक घालणं मागे पडलं आणि मळसूत्राच्या जागी साधी पिन आली.

संग्राहक हे फरक वहीत टिपून ठेवतात: मळसूत्र की पिन, क्रमांक आहे की नाही, लाल मीना भट्टीत भाजलेला आहे की वरून नुसता रंग दिला आहे, मुलामा जाड आहे की पातळ, ठसा कोणाचा. बाहेरच्या माणसाला हा छंदिष्टांचा कीस वाटेल. मला तसं वाटत नाही. मॉस्कोची चकती जाऊन झाग्रेबची पिन येते त्या दोहोंच्या मध्ये २८ जून १९४८ ही तारीख उभी आहे. त्या दिवशी स्टालिनच्या पुढाकाराने कॉमिनफॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने युगोस्लाव्हियाच्या पक्षाला बाहेर काढलं. पदकाच्या पाठीवर त्या फारकतीबद्दल एक अक्षर नसतं, तरी तो काळ तिथे हाताला लागतो.

फारकतीच्या आधीची दोन वर्षं मात्र उत्साहाची होती, आणि या विषयातल्या सगळ्यात देखण्या वस्तू त्याच काळातल्या आहेत. त्या वस्तू म्हणजे तरुणांच्या श्रमदान मोहिमांचे बिल्ले. १९४६ मध्ये बोस्नियात बर्च्को ते बानोविची असा ९२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधायला घेतला. बानोविचीला कोळसा होता आणि तो बाहेर काढायला वाट नव्हती. सुमारे ६२ हजार मुलं-मुली पथकं करून आली. मे महिन्यात सुरू झालेलं काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरं झालं. लगेच १९४७ मध्ये शामात्स ते सारायेव्हो हा २४२ किलोमीटरचा मार्ग हाती घेतला. त्यावर दोन लाखांहून अधिक तरुण राबले. यंत्रं नव्हतीच म्हणायची. टिकाव, फावडं, ढकलगाडी आणि सुरुंगाची दारू. बोगदे खणले गेले, पूल उभे राहिले आणि एप्रिलमध्ये सुरू झालेला मार्ग नोव्हेंबरमध्ये खुला झाला. संध्याकाळी छावण्यांमध्ये निरक्षरांचे वर्ग चालत. खेड्यातून आलेल्या कित्येकांनी पहिली अक्षरं तिथे गिरवली. आपण रेल्वे घडवतो आणि रेल्वे आपल्याला घडवते, ही त्या मोहिमेची घोषणा होती. नुसत्या भिंतीवर रंगवण्यापुरती ती नव्हती असं म्हणायला या वर्गांचा आधार आहे.

या मार्गावर परदेशातूनही पाच हजारांहून जास्त तरुण आले. ब्रिटिश पथकाचा प्रमुख होता ई. पी. थॉम्पसन. इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहून पुढे जगप्रसिद्ध झाला तोच हा. परत गेल्यावर त्याने या रेल्वेवर एका पुस्तकाचं संपादन केलं. ते १९४८ मध्ये निघालं. कामगारांच्या इतिहासाचा एवढा मोठा अभ्यासक तरुणपणी बोस्नियाच्या खोऱ्यात माती उपसत होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या मोहिमांच्या बिल्ल्यांवर लाल तारा, फावडं, टिकाव, रूळ अशी चित्रं पुन्हा पुन्हा येतात. ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त काम करणाऱ्याला ‘उदार्निक’ म्हणत आणि त्याचा बिल्ला वेगळा असे. एकाच मोहिमेच्या बिल्ल्याचे दोन-तीन प्रकार आढळतात, कारण मागणी मोठी आणि कारागीर विखुरलेले. एकाचा मीना गडद, दुसऱ्याचा फिका. एकाची अक्षरं रेखीव, दुसऱ्याची बसकी. टंचाईच्या दिवसांत जो धातू मिळेल त्यावर ठसा मारला जाई. उदार्निक झालेल्याला मानाबरोबर काही सवलतीही मिळत, आणि शिधापत्रिकेच्या त्या काळात पोटाला चार घास जास्त मिळणं ही लहान गोष्ट नव्हती. म्हणून या बिल्ल्याकडे केवळ प्रचाराचा तुकडा म्हणून बघणाऱ्यांशी माझं पटत नाही. तो कमावलेला असे, आणि कमावणाऱ्याला त्याची किंमत नेमकी ठाऊक असे.

मग १९४८ उजाडलं. पूर्वेकडच्या देशांनी व्यापार तोडला, पंचवार्षिक योजनेचे आकडे कागदावरच राहायची वेळ आली. कोळसा हवा होता, आणि तो हाताने काढावा लागणार होता. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ‘समाजवादी श्रमाचा वीर’ हा श्रमाचा सर्वोच्च किताब निर्माण झाला. कल्पना उघडच रशियाची. भांडण स्टालिनशी होतं, पण माणसाला गौरवायची रीत त्याच्याकडूनच उचललेली होती.

या किताबाचा सगळ्यात प्रसिद्ध मानकरी अलिया सिरोतानोविच. सारायेव्होजवळच्या ब्रेझा इथल्या खाणीतला हा कामगार. २४ जुलै १९४९ रोजी त्याने आपल्या आठ जणांच्या टोळीसह आठ तासांच्या पाळीत १५२ टन कोळसा काढला. १९३५ मध्ये सोव्हिएत खाणकामगार स्ताखानोव्हने १०२ टनांचा उच्चांक केला होता, तो मोडला म्हणून देशभर जल्लोष झाला. हिशेब कडक लावायचा तर ही तुलना टिकत नाही. इकडे आठ जण होते आणि माणशी १९ टन पडतात. तिकडे स्ताखानोव्हच्या हाताखाली लाकडाचे टेकू लावायला दोन मदतनीस होते, ज्यांची नावं कोणी घेतली नाहीत. पण १९ टन कोळसा एका माणसाने एका पाळीत काढणं ही जीव पिळवटणारी गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. टिटोंनी त्याला काय हवं ते माग म्हटलं तेव्हा त्याने मोठं फावडं मागितलं, अशी कथा सांगतात. कथेत भर पडली असेल, पण रुंद पात्याच्या फावड्याला लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. तो शेवटपर्यंत साधेपणाने राहिला.

त्याच जुलै महिन्यात आद्रियाटिक समुद्रातल्या गोली ओतोक या उजाड बेटावर कैद्यांचे पहिले जथे उतरवले गेले. स्टालिनची बाजू घेतल्याचा आरोप असलेले, कित्येकदा केवळ संशयित. पुढच्या काही वर्षांत सुमारे १३ हजार माणसं त्या छळछावणीतून गेली. त्यांच्याकडून दगड फोडून घेतले जात, आणि कधी कधी तेच दगड डोंगरावर चढवून पुन्हा खाली आणायला लावत. त्या बेटावर कोणाला पदक मिळालं नाही. एकाच राजवटीने एकाच महिन्यात श्रमाचा मुकुटही केला आणि शिक्षाही केली. १९४९ चं कुठलंही श्रमचिन्ह हातात घेताना मला ही दुसरी बाजू विसरता येत नाही, आणि संग्राहकांनीही ती विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता डबीकडे वळू. सन्मानचिन्ह डबीत मिळे, सोबत कोटाला लावायची फितीची पट्टी आणि एक प्रमाणपत्र. झाकणावर किंवा कागदाच्या माथ्यावर देशाचं राजचिन्ह असेल तर त्यातल्या मशाली मोजायच्या. १९४३ च्या राजचिन्हात पाच मशालींची एक ज्योत होती: सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन आणि माँटेनेग्रिन या पाच लोकसमूहांची. ७ एप्रिल १९६३ च्या राज्यघटनेने देशाचं नाव बदललं, ‘संघीय जनता प्रजासत्ताक’ जाऊन ‘समाजवादी संघीय प्रजासत्ताक’ आलं, आणि मशाली सहा झाल्या, सहा प्रजासत्ताकांच्या. म्हणजे पाच मशाली दिसल्या की वस्तू १९६३ च्या आधीची, सहा दिसल्या की नंतरची. काळ ठरवायची ही सगळ्यात सोपी खूण.

पण सोप्या खुणेत अवघड गोष्ट दडलेली आहे. योजनेचा कोळसा आणि पोलाद मोठ्या प्रमाणावर बोस्नियातून येत होतं. सिरोतानोविच बोस्नियाचा मुसलमान. त्याने उच्चांक केला तेव्हा राजचिन्हातल्या पाच मशालींत त्याच्या समाजाची एकही नव्हती. बोस्नियातल्या मुसलमानांना स्वतंत्र राष्ट्रीय समूह म्हणून मान्यता मिळायला १९६८ उजाडलं, आणि १९७१ च्या जनगणनेत त्यांना तशी नोंद करता आली. किताब आधी आला आणि ओळख वीस वर्षांनी.

राजचिन्ह बदलण्याच्या दोन वर्षं आधी, १९६१ च्या कायद्याने, श्रमाच्या सन्मानाच्या श्रेणींची नावंही बदलली होती. पहिली, दुसरी, तिसरी हे आकडे गेले. पहिली श्रेणी झाली ‘लाल झेंड्यासह श्रमाचा सन्मान’, दुसरी ‘सोनेरी पुष्पचक्रासह’ आणि तिसरी ‘रुपेरी पुष्पचक्रासह’. तिसऱ्या वर्गातला माणूस असं म्हणवून घ्यायची कोणावर वेळ येऊ नये, हा त्यातला सुज्ञपणा मला आवडतो. पण इथून पुढे या सन्मानांचं स्वरूपही पालटत गेलं. दुर्मिळ पराक्रमासाठी दिलं जाणारं चिन्ह हळूहळू दीर्घ सेवेची पोचपावती बनलं. कारखाने, शाळा, संस्था यांनाही ते मिळे आणि दर्शनी भिंतीवर चौकटीत लागे. ‘समाजवादी श्रमाचा वीर’ मात्र विरळाच राहिला. एकूण मानकरी शंभराच्या थोडे वर. त्यात खाणकामगार होते तसे खुद्द टिटो होते, १९५० मध्ये, आणि कार्देल्यसारखे पक्षनेतेही. ज्याने पाळी भरली आणि ज्याने पाळीचे नियम लिहिले ते एका यादीत आले, ही गोष्ट मला खटकते.

१९५० मध्ये कारखाने कामगारांच्या हाती देणारा स्वव्यवस्थापनाचा कायदा झाला होता. कामगार परिषदा निवडल्या गेल्या आणि जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष युगोस्लाव्हियाकडे वळलं. तरीही जानेवारी १९५८ मध्ये स्लोव्हेनियातल्या त्र्बोव्हल्ये इथे हजारो खाणकामगारांनी काम थांबवलं. कागदावर जे मालक होते त्यांनीच संप केला. त्याच साली तरुणांच्या मोठ्या श्रममोहिमा काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाल्या, ल्युब्ल्याना ते झाग्रेब हा महामार्ग बांधायला. नंतरच्या मोहिमांचे बिल्ले ढिगाने सापडतात आणि स्वस्त मिळतात. बरेचसे भडक रंगांचे, हलक्या धातूचे. १९४७ च्या जड, भाजलेल्या मीन्याच्या बिल्ल्याशेजारी ते ठेवले की तीस वर्षांत काय पातळ झालं ते बोटांनाच समजतं.

आता उरलं प्रमाणपत्र. ते या सगळ्यात माझ्या लेखी सर्वात मोलाचं आहे, आणि विक्रेते सर्वात आधी टाकून देतात ते तेच. त्यावर माणसाचं नाव असतं. त्याखाली देणाऱ्याचं नाव, आणि त्यावरूनही काळ कळतो. १९५३ पर्यंत सन्मान राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षमंडळाकडून दिले जात, त्याचे प्रमुख होते इव्हान रिबार. या वृद्ध कायदेपंडिताचे दोन्ही मुलगे युद्धात मारले गेले होते. जानेवारी १९५३ मध्ये टिटो राष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढची सत्तावीस वर्षं कागदावर त्यांचं नाव राहिलं. ४ मे १९८० ला ते वारले. त्यानंतर देशाचं प्रमुखपद सामूहिक अध्यक्षमंडळाकडे गेलं, ज्याचा अध्यक्ष दरवर्षी पाळीपाळीने बदले. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या कागदांवर नावंही वरचेवर बदलतात, आणि ती नावं आज बाजारातल्या विक्रेत्यालाही पटकन आठवत नाहीत.

कामगाराचा चेहरा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नोटेवरून सगळ्यांच्या हातात फिरत होता. १९५५ च्या हजार दिनारच्या नोटेवर झेनित्साच्या पोलाद कारखान्यातला भट्टीकामगार अरिफ हेरालिच हसताना दिसे. चलन बदलल्यावर त्याचाच चेहरा दहा दिनारच्या नोटेवर आला. लोक कित्येक वर्षं त्याला सिरोतानोविच समजत राहिले. देशातल्या प्रत्येक खिशात ज्याचा चेहरा होता तो हेरालिच १९७१ मध्ये हलाखीत वारला. खऱ्या सिरोतानोविचचं चित्र १९८७ मध्ये आलं, वीस हजार दिनारच्या नोटेवर. तेव्हा महागाई अशी भडकली होती की नोटेवर शून्यं वाढवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. १ जानेवारी १९९० ला चलनातून चार शून्यं उडवली गेली आणि त्या वीस हजारांचे दोन दिनार झाले. सिरोतानोविच तेव्हा हयात होता. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. त्याच्यासारख्या कामगाराच्या आयुष्यावर बातो चेंगिचने १९७२ मध्ये एक चित्रपट काढला होता. पडद्यावरचा उदार्निक राजवटीला रुचला नाही आणि दिग्दर्शकाला त्याचे परिणाम पुढे बराच काळ भोगावे लागले.

शेवटची वर्षं संपांची होती. १९८७ मध्ये इस्त्रियातल्या लाबिनचे खाणकामगार महिन्याहून अधिक काळ काम सोडून बसले. १९८८ मध्ये बोरोव्होच्या जोड्यांच्या कारखान्यातले कामगार बेलग्रेडला संसदेवर गेले. फेब्रुवारी १९८९ मध्ये कोसोव्होतल्या स्तारी त्र्गच्या खाणीत कामगारांनी जमिनीखालीच ठाण मांडलं. मग देश फुटला आणि युद्ध आलं. झेनित्सा वेढ्यात सापडलं, शामात्सच्या रेल्वेवरून आगगाड्या धावेनाशा झाल्या, कारखाने बंद पडले आणि ज्यांनी ते बांधले त्यांच्या घरातल्या डब्या पोटासाठी बाजारात आल्या. नव्या देशांनी आपापले सन्मान काढले. क्रोएशियाने १९९५ मध्ये ‘दानित्सा’ सन्मान सुरू केला. त्याचा अर्थव्यवस्थेसाठी दिला जाणारा प्रकार ब्लाझ लोर्कोविच या अर्थतज्ज्ञाच्या चेहऱ्याचा आहे. तो उद्योग उभारणाऱ्याच्या वाट्याला येतो.

बाजारात आज रुपेरी पुष्पचक्राचा सन्मान सहज मिळतो. लाल झेंड्याचा शोधावा लागतो. ‘समाजवादी श्रमाचा वीर’ अस्सल म्हणून कोणी समोर ठेवला तर आधी शंकाच घ्यावी, कारण नकला निघतात. उडालेला मीना नव्याने भरलेला आहे का हे भिंगातून दिसतं: जुना भाजलेला मीना काचेसारखा तडकतो, नवा रंग पापुद्र्याने सुटतो. मळसूत्राची चकती मूळची की दुसऱ्या चिन्हाची उचलून बसवलेली, तेही बघावं लागतं. एवढी तपासणी सगळेच करतात. माझं सांगणं त्यापुढचं आहे. डबीत घडी घालून ठेवलेला कागद असेल तर चिन्ह त्याच्यासकटच घ्यावं, विकायचं झालं तर त्याच्यासकटच विकावं. कागद फाटका, पाण्याने डागाळलेला असला तरी त्यावरचं नाव, गाव आणि साल उतरवून घ्यावं. विणकर स्त्रिया, भट्टीवाले, रूळ टाकणारे, चौथी पास होऊन फोरमन झालेले, अशा असंख्य लोकांची नावं छापील इतिहासात कुठेच नाहीत. ती या कागदांवर आहेत, आणि धातूपेक्षा कागद लवकर संपतो.